अकरा नंबरचा ओव्हर

त्या दिवशी सुलक्षणाचा राग तिच्या आधी उठला होता. चहाच्या आधणाबरोबर तो उकळला, डब्यातल्या पोळीच्या घडीत जाऊन बसला, आणि निघताना तिने कपाटाची किल्ली युनिफॉर्मच्या खिशात टाकली तेव्हा किल्लीमागोमाग तोही खिशात उतरला.

कपाटात श्रुतिकाची कागदपत्रं होती. बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं एका निळ्या फाइलीत. पोरीने आईबापाला न विचारता नर्सिंगची परीक्षा दिली होती, फॉर्म भरला होता, आणि काल संध्याकाळी मोबाइल पुढे धरून म्हणाली होती, "लागला नंबर. मुलुंडला. उद्या पाचच्या आत ओरिजिनल घेऊन जायचंय, नाहीतर सीट जाते."

"जाऊ दे," सुलक्षणा म्हणाली होती.

स्वतः बावीस वर्षं सिस्टर असलेली बाई पोरीला सिस्टर होऊ देत नाही, हे लवूला, तिच्या नवऱ्याला, काही कळेना. तो नुसता इकडून तिकडे बघत राहिला. त्याची आई मालन मात्र खाटेवरून लगेच बोलली, "एक करता ता पुरे झाला. आता चेडूय त्याच कामाक?" लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सासू-सुनेचं एकमत असं पहिल्यांदाच झालं; आणि ते झालं म्हणून तर सुलक्षणा आणखीनच भडकली.

कारण तिचं म्हणणं सासूसारखं नव्हतंच. दिंडोशीच्या त्या सात मजली इमारतीत कुणाचं बीपी चढलं, कुणाला इंजेक्शन टोचायचं असलं, कुणाची लघवीची नळी तुंबली, की पहिली बेल सुलक्षणाच्या दारची. आधी सिस्टर, मग डॉक्टर. पण नणंदेचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांना सांगितलं गेलं, वहिनी हॉस्पिटलच्या ऑफिसात असते. गावी गणपतीला ती मोदक वळायला बसली, तर चुलतसासूने पिठाची परात हळूच आपल्याकडे ओढली. "तू रवांदे गो. तू हॉस्पिटलात खंय खंय हात घालतंस." नाइट करून सकाळी रिक्षातून उतरलं की तळमजल्यावरचे पेपर वाचणारे बाप्ये पेपर खाली करून बघायचे, आणि त्या बघण्यात जे असायचं ते तिला अंगावरून पुसता येत नसे. हे सगळं तिने गिळलं होतं. पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळावी तसं, चव कळायच्या आत. लेकीच्या घशात तीच गोळी ती जाऊ देणार नव्हती. तिच्या बाजूने एवढंच होतं, आणि तिला ते पुरेसं वाटत होतं.

गोरेगावातल्या एका ट्रस्टचं ते हॉस्पिटल. दुसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड, सोळा बेड. सकाळपाळीला दोघीच, इनचार्ज सुलक्षणा, आणि आठ महिन्यांपूर्वी लागलेली रतन. हात कामाला, डोळा सलाइनला, कान सोळा बेलांना. चार नंबरच्या बाईला सकाळपासून उलट्या लागल्या होत्या, त्यात दोघींचा तास गेला आणि ड्रेसिंगं मागे पडली. बाराला भेटायची वेळ झाली, नातेवाइकांचा लोंढा आत आला, आणि त्या लोंढ्यातून श्रुतिका आली.

"किल्ली दे."

"इथे तमाशा करू नकोस," सुलक्षणा दातांवर दात ठेवून म्हणाली.

"मी कुठे करतेय? किल्ली दे, जाते."

"नाही देणार."

"मग इथेच बसते."

"बस!" सुलक्षणाने नर्सिंग स्टेशनच्या बाजूचं स्टूल पायाने सरकवलं. "बस आणि बघ. डोळे भरून बघ. तुला हौस आलीय ना? दोन वाजेपर्यंत बस इथे. बेडपॅन बघ, उलटी बघ, लोक कसे बोलतात ते ऐक. आणि मग माझ्याकडे किल्ली माग."

"मागितली तर देशील?"

सुलक्षणा चार नंबरकडे वळली. तिला खात्री होती. वॉर्डच तिचं काम करून टाकणार होता.

आणि वॉर्डने उशीर लावला नाही.

अकरा नंबरला इरावतीबाई होत्या. वय एकोणऐंशी, बोरिवलीच्या. पॅरालिसिसच्या झटक्याने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. अठरा दिवसांपूर्वी आल्या तेव्हा माकडहाडापाशी पाठ फुटलेली होती. घरी एका कुशीवर पडून पडून झालेली जखम. त्या दिवसापासून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची. सहा, आठ, दहा, बारा. डावीकडे, पाठीवर टेकवून तिरपं, उजवीकडे. रतन पडदा ओढून त्यांचं ड्रेसिंग बदलत होती. जुनी पट्टी काढली होती, नवी अजून लागायची होती, तेवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला.

मुलगा होता. श्यामसुंदर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. तो रोज यायचा, पायथ्याशी उभा राहून फोनवर बोलायचा आणि जायचा. आईची पाठ त्याने आज पहिल्यांदा पाहिली.

"हे काय आहे?" तो ओरडला. "हे काय केलंय तुम्ही? हा खड्डा कसला?"

"सर, बेडसोअर आहे," रतन म्हणाली. "त्या आल्या तेव्हापासून…"

"खोटं बोलू नकोस! घरी माझ्या आईला ओरखडा नव्हता! दिवसभर त्या टेबलापाशी गप्पा छाटत बसता, आणि इथे माणूस सडतंय!" तेवढ्याने त्याचं भागेना. घाबरलेल्या माणसाला हाताला लागेल ते फेकावंसं वाटतं, त्याच्या हाताला जे लागलं ते असं होतं, "रात्री इथे तुमचं काय चालतं ते माहितीय सगळ्यांना. चांगल्या घरच्या मुली येतात का या लाइनीत? असल्याच येतात."

रतनच्या हातातला चिमटा थांबला. चोवीस वर्षांची पोर.

सुलक्षणा चार नंबरवरून आली. ती कशी आली ते श्रुतिकाने पाहिलं. धावली नाही, पण वाटेतलं टेबल, माणसं आपोआप बाजूला झाली. तिने हात धुतले. ग्लोव्हज चढवले. रतनच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि त्या माणसाकडे न बघता म्हणाली, "थांबा. जखम उघडी आहे. आधी ती झाकते, मग तुमच्याकडे येते."

राग होता, अंगभर होता. कानशिलं तापली होती, जबडा आवळला होता. पण मनगटाच्या खाली तो उतरला नाही. सलाइनने भिजलेला गॉज त्या जखमेवरून असा फिरला, जणू झोपलेल्या बाळाच्या तोंडावरची माशी उठवावी. कडा टिपल्या, पट्टी बसली, चिकटपट्टीचं एकेक टोक बोटाच्या पेराने दाबलं गेलं. इरावतीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते पुसलं गेलं. पांघरूण वर आलं.

मग ती वळली. पण तोवर श्यामसुंदर खाली ऑफिसात तक्रार करायला गेलाही होता.

पंधरा मिनिटांत मेट्रन आल्या. जयंतीमॅडम. कधीकाळी सुलक्षणाबरोबरच नाइट केलेल्या, आता केबिनीत बसणाऱ्या. त्यांच्यामागे श्यामसुंदर.

"रतन, साहेब आईच्या काळजीत आहेत. बोलण्यात काही आलं असेल. तू सॉरी म्हण, विषय संपव."

"मॅडम, जखम घरून आलीय. अॅडमिशनच्या कागदावर माप आहे," सुलक्षणा म्हणाली.

"ते आपण नंतर बघू ना. रतन?"

रतनने सुलक्षणाकडे पाहिलं. आणि त्या नजरेत सुलक्षणाला जे दिसलं ते तिला टोचलं. कारण पहिल्याच दिवशी, याच टेबलापाशी, या पोरीला तिनेच शिकवलं होतं: कुणी काही बोललं तर सॉरी सर म्हणायचं आणि पुढच्या बेडकडे वळायचं, चूक कुणाची ते बघत बसायचं नाही. नस शोधायला शिकवली, तसंच मान खाली घालायलाही शिकवलं होतं. तिच्या सीनियरने तिला शिकवलं होतं, तिने रतनला शिकवलं. रतन आता परीक्षेत उत्तर द्यावं तसं तोंड उघडत होती.

"सॉ…"

"रतन!" सुलक्षणाचा आवाज एवढा चढला की चार नंबरची बाई उलटी विसरली. "तोंडातून शब्द काढलास तर बघ. जा, सात नंबरचं सलाइन संपलंय."

रतन गेली. श्यामसुंदरचा चेहरा लाल. मेट्रन म्हणाल्या, "सुलक्षणा, तुझं काय चाललंय?" सुलक्षणा म्हणाली, "काम चाललंय, मॅडम." आणि सातकडे नाही, नऊकडे नाही, सरळ सिंककडे जाऊन तिने पुन्हा हात धुतले, खूप वेळ धुतले. श्रुतिका स्टुलावर बसून होती. लेकीकडे बघायचं तिने टाळलं. मनातल्या मनात ती लेकीलाच म्हणत होती, बघितलंस? झालं समाधान? आणि त्याच मनात दुसरा आवाज चिडून विचारत होता, की हे तिला दाखवायला बसवलंस, आणि लाज तुलाच का वाटतेय गं?

दोन वाजले. दुपारपाळीची शुभा सिस्टर आली, आणि ओव्हर सुरू झाला. सकाळच्या सिस्टरने दुपारच्या सिस्टरला एकेका बेडपाशी उभं राहून, वही उघडून, मोठ्याने पेशंट सोपवायचा, त्याला ओव्हर म्हणतात. काय झालं, काय दिलं, काय राहिलं. एक नंबर, दोन नंबर, तीन. भेटायची वेळ केव्हाच संपली होती, पण श्यामसुंदर मेट्रनच्या परवानगीने आईपाशी थांबला होता, डॉक्टरांची वाट बघत. मेट्रनही थांबल्या होत्या. काही वेडंवाकडं होऊ नये म्हणून.

सुलक्षणा अकरा नंबरपाशी आली. वही उघडली.

"बेड अकरा, इरावतीबाई, एकोणऐंशी, दाखल होऊन अठरा दिवस. बीपी एकशे चाळीस नव्वद. नळीतून पेज दहाला दिली, पचली. पाठीची जखम दाखल होताना पाच बाय चार सेंटीमीटर, तळ काळपट, वास होता. आज साडेतीन बाय तीन. तळ लाल, वास नाही, कडेने नवी कातडी धरतेय. बाराला ड्रेसिंग केलं." ती श्वास घ्यायला थांबली. "ड्रेसिंग चालू असताना पेशंटचा मुलगा स्टाफ रतन हिला म्हणाला, रात्री इथे तुमचं काय चालतं ते माहितीय सगळ्यांना. चांगल्या घरच्या मुली येतात का या लाइनीत. असल्याच येतात. वेळ बारा वाजून दहा मिनिटं."

शुभाचं पेन हवेतच राहिलं.

"सिस्टर, हे ओव्हरमध्ये नसतं," मेट्रन म्हणाल्या.

"आजपासून असेल."

"खोडा ते. वही ऑडिटला जाते."

"म्हणून तर लिहिलंय. उलटी किती झाली ते लिहितो, लघवी किती झाली ते लिहितो. हे पण अंगातूनच बाहेर आलंय ना कुणाच्यातरी? मग मोजून लिहायला नको?"

"मेमो मिळेल तुला."

"द्या. बावीस वर्षांत एक तरी असू दे माझ्या नावावर."

नऊ नंबरची म्हातारी उशीवरून डोकं उचलून म्हणाली, "सिस्टर, ते परत वाचा ना जरा. माझा एक कान गेलाय." तेरा नंबरकडून कुणीतरी फसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

श्यामसुंदर म्हणाला, "तुम्ही मला सगळ्यांसमोर…"

"दोन वाजलेत," सुलक्षणा त्याचं बोलणं तोडत म्हणाली. "तुमच्या आईची कूस बदलायची वेळ झाली. भांडण नंतर. या इकडे, हात लावा."

"मी?"

"घरी नेणार ना त्यांना पुढच्या आठवड्यात? तिथे आम्ही 'असल्या' येणार नाही. या."

तो आला. कदाचित त्या आवाजाला नाही म्हणायचं सुचलं नसेल. त्याने आईच्या दंडाला धरलं आणि ओढलं. "ओढू नका! कातडी फाटते. इथे नाही, खांद्याखाली. दुसरा हात कमरेखाली. तळवा पसरा. आता माझ्याबरोबर. एक, दोन…" त्याच्या हातावर हात ठेवून तिने त्याचे तळवे नेमके कुठे हवेत ते दाबून दाखवलं, रागाने, पण नेमकं. इरावतीबाई एखादी होडी काठाला लागावी तशा अलगद डाव्या कुशीवर आल्या. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी गेली. टाचा गादीवरून सुटल्या. बाईंनी मोठा श्वास सोडला, सुखाचा असावा तसा, आणि डोळे मिटले.

श्यामसुंदर स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. माफी त्याने मागितली नाही. सुलक्षणाने वाटही बघितली नाही. ती बारा नंबरकडे गेली होती.

अडीचला ती बाहेर आली. युनिफॉर्म बदलायचंही भान राहिलं नव्हतं. गेटपाशी भेळवाल्याच्या बाजूला श्रुतिका उभी.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग? आता आहे हौस? उद्या मेमो घेऊन येईन घरी, तो पण बघ. आज रतन होती, उद्या तिच्या जागी तू असशील."

"किल्ली."

"श्रुतिका, तुला कळतंय का मी काय बोलतेय? बावीस वर्षं मी शिव्या खाल्ल्यात गं!"

"माहितीय!" आता श्रुतिकाही ओरडली. भेळवाल्याचा झारा थांबला. "शिव्या माहितीयत मला. रोज घरी येऊन तू शिव्याच सांगतेस. कोण काय बोललं, कोणी कसं बघितलं. जेवताना, भांडी घासताना, रोज तेच. पण ते पाच बाय चारचं साडेतीन बाय तीन झालं, हे कधी सांगितलंस गं घरी? एकदा तरी? अठरा दिवस रोज त्या बाईला वळवत होतीस तू, आणि मला आज कळलं. ते पण बाहेरच्या बाईला सांगत होतीस म्हणून कळलं!"

सुलक्षणाचा हात खिशातल्या किल्लीवर गेला.

"आजोबा सात महिने पडून होते," श्रुतिका म्हणाली. "गेले तेव्हा डॉक्टर आले होते सर्टिफिकेट द्यायला. त्यांनी आजोबांना कुशीवर केलं आणि बाबांना विचारलं, ह्यांची पाठ कुणी सांभाळली? एक वळ नव्हता पाठीवर. बाबा रडत होते, त्यांना ऐकू पण नाही गेलं. तू आत कपाटातून त्यांचे कपडे काढत होतीस. मी होते तिथे. नववीत होते. मी तेव्हाच ठरवलं. आणि मला सेवा-बिवा म्हणू नकोस हां, त्या पोस्टरवरच्या बाईसारखं. मला ते यायला हवंय. तळवा कुठे ठेवायचा ते."

"डॉक्टर असं म्हणाले?" सुलक्षणाने विचारलं. चार वर्षं झाली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस मला, मेली?"

"तू कधी विचारलंस?"

राग तर गेला नव्हताच. पण तो आता कुणावर होता हे सुलक्षणाला नीट सांगता आलं नसतं. श्यामसुंदरवर होता, मेट्रनवर होता. परात ओढणाऱ्या बाईवर, पेपरवाल्या बाप्यांवर होता. रतनला सॉरी शिकवणाऱ्या एका इनचार्ज सिस्टरवर तर सगळ्यात जास्त. तिने हात वर करून रिक्षा थांबवली आणि लेकीला जवळजवळ आत ढकललं.

"दिंडोशी. आणि खाली थांबा, दोन मिनिटांत परत येतो. मग मुलुंड. आरेतून घ्या."

कपाट उघडलं, फाइल निघाली. मालनने खाटेवरून विचारलं, "खंय चललात गो दोघी?" सुलक्षणा जिन्यातून ओरडली, "अॅडमिशनक!" वर काय उत्तर आलं ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

आरेच्या झाडांमधून रिक्षा निघाली तेव्हा साडेतीन व्हायला आले होते. मग श्रुतिका म्हणाली, "आई, ती पूर्ण भरायला किती दिवस लागतील?"

"काय?"

"त्या बाईंची जखम."

"दिवस काय विचारतेस, महिने म्हण," सुलक्षणा फणकारली. "आणि वळवलं तर. घरी नेऊन पुन्हा एका कुशीवर टाकलं तर आठ दिवसांत वाट. कातडी मरायला दोन तास पुरतात, कळलं? हाड आणि गादी, मधे चिमटते ती. कुठे कुठे चिमटते माहितीय?" आणि तिने लेकीला पुढे वाकवलं आणि तिच्या पाठीवर बोट टेकवलं. "इथे. हे खांद्याचं पातं. हे कोपर. इथे खाली माकडहाड, सगळ्यात वाईट. टाच. कानाची पाळीसुद्धा, हसू नकोस, कानाची पाळीसुद्धा काळी पडते. आधी नुसती लाल दिसते. बोटाने दाबायचं, पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली, तर समजायचं आत सुरुवात झालीय. हे डॉक्टर बघत नाही. हे कोण बघतं?"

"सिस्टर."

"सिस्टर! दुसरं कोण!" ती अशी म्हणाली की जणू लेकच नाही म्हणत होती.

मग ती थांबलीच नाही. चिडून चिडून सांगत राहिली; त्या सतरा वर्षांच्या मुलीबद्दल, जिची नस कुणाला सापडत नव्हती आणि सुलक्षणाला अंधारातसुद्धा सापडली; त्या बाईबद्दल, जिचा श्वास बदललेला मॉनिटरच्या आधी तिच्या कानाला कळला. पवईचा सिग्नल आला, गेला. रिक्षावाल्याने आरसा वाकडा करून घेतला होता.

"मॅडम," गांधीनगरच्या पुलाखाली तो म्हणाला, "मेरी माँ भी छह महीने से बिस्तर पे है. पीछे लाल हुआ है. पाउडर लगाते है हम लोग."

"आगे देख के चलाओ!" सुलक्षणा खेकसली. आणि मग, "पाउडर? किसने बोला पाउडर लगाने को?"

चार चाळीसला रिक्षा कॉलेजच्या दारात थांबली. श्रुतिका फाइल छातीशी धरून पायऱ्या चढून पळाली. वरून तिने एकदा मागे वळून हाक मारली, "आई, ये ना!"

"आले, हो पुढे!" सुलक्षणा ओरडली. ती रिक्षाच्या बाहेर उभी होती, एक हात टपावर, आणि दुसऱ्या हाताने त्या माणसाच्याच खांद्याला धरून त्याला सीटवर तिरपा करत होती. "ऐसे नहीं. खींचने का नहीं. हथेली पूरी खोलो. हां, अब यहाँ रखो."